स्पॅनिशचे काळ आणि सर्वनामे : मराठी वाक्यापासून सुरुवात

‘मी काल बाजारात गेलो होतो’ हे साधे वाक्य स्पॅनिशमध्ये सांगायचे असले, की आपल्याकडचा विद्यार्थी बहुधा मनात त्याचे आधी इंग्रजी करतो आणि मग त्या इंग्रजीचे स्पॅनिश करतो. पाठ्यपुस्तक इंग्रजीतून असते, शब्दकोश इंग्रजीतून असतो आणि वर्गातले स्पष्टीकरणही बहुतेक वेळा इंग्रजीतूनच मिळते, म्हणून ही सवय लागते. परंतु काळ आणि सर्वनामे या दोन प्रकरणांत हा वळसा फार महागात पडतो. इंग्रजी क्रियापदाला पुरुषाप्रमाणे प्रत्यय जवळजवळ लागत नाहीत, इंग्रजीत ‘तू’ आणि ‘आपण’ असा भेद उरलेला नाही, आणि ‘मला आवडते’ या रचनेला तेथे सरळ प्रतिरूप नाही. मराठीत हे सगळे आहे आणि स्पॅनिशमध्येही आहे. त्यामुळे मराठी वाक्य थेट स्पॅनिश वाक्याशेजारी ठेवून शिकावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मात्र मराठी जेथे चकवते, त्या जागाही तितक्याच नेमकेपणाने माहीत असायला हव्यात.

स्पॅनिश शब्द येथे देवनागरीत उच्चाराप्रमाणे दिले आहेत. स्पॅनिशमध्ये कोणत्या अक्षरावर जोर पडतो यावर क्रियापदाचा काळ आणि पुरुष ठरू शकतो, म्हणून शेवटच्या अक्षरावरचा जोर महत्त्वाचा असेल तेथे अवग्रह दिला आहे. ‘आब्लो’ म्हणजे ‘मी बोलतो’ आणि ‘आब्लोऽ’ म्हणजे ‘तो बोलला’. स्पॅनिश लिपीत हा फरक स्वरावरच्या एका तिरक्या रेघेने दाखवतात, आणि ती रेघ गाळणे म्हणजे शब्दच बदलणे होय.

पहिली सवय सर्वनाम गाळण्याची. ‘येतोस का?’, ‘जेवलो’, ‘उद्या निघतो’ ही वाक्ये आपण कर्त्याशिवाय बोलतो, कारण कोण ते प्रत्ययावरून कळते. स्पॅनिशचेही तसेच आहे. ‘आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान’ या सहा रूपांतच मी, तू, तो किंवा ती, आम्ही, तुम्ही आणि ते हे सगळे सामावलेले आहेत. प्रत्येक वाक्याच्या आरंभी ‘यो’ म्हणजे ‘मी’ लावणारा माणूस स्पॅनिश कानाला सतत स्वतःवर भर देणारा वाटतो. ‘तो गेला, पण मी थांबलो’ अशी तुलना असेल किंवा अर्थ संदिग्ध राहत असेल, तेव्हाच सर्वनाम उच्चारावे. येथे मराठीपेक्षा एक ओझे कमी आहे, ते असे की ‘जातो’ आणि ‘जाते’ यांसारखा लिंगभेद स्पॅनिश क्रियापदात नाही. बोलणारी स्त्री असो वा पुरुष, ‘आब्लो’ हेच रूप. लिंग दिसते ते विशेषणात: थकलेला पुरुष ‘एस्तोय कान्सादो’ म्हणेल आणि स्त्री ‘एस्तोय कान्सादा’ म्हणेल.

दुसऱ्या पुरुषाचे प्रकरण आपल्याला घरचेच वाटावे असे आहे. स्पॅनिश ‘तू’ हा उच्चारानेही मराठी ‘तू’ आहे, आणि दोन्ही शब्द एकाच प्राचीन मुळातून आले आहेत. आदरार्थी रूप ‘उस्तेद’. येथे चूक होते ती अशी, की मराठी ‘तुम्ही’ एका माणसासाठी वापरतानाही क्रियापद अनेकवचनी ठेवते, म्हणून विद्यार्थी एका वडीलधाऱ्या गृहस्थांना ‘उस्तेदेस आब्लान’ म्हणून मोकळा होतो, आणि ते गृहस्थ आणखी कोणाला उद्देशून बोलणे चालले आहे हे पाहायला मागे वळतात. ‘उस्तेद’बरोबर क्रियापद तृतीय पुरुषी एकवचनी असते: ‘उस्तेद आब्ला’. याचे कारण इतिहासात आहे. ‘बुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’ किंवा ‘आपली मेहेरबानी’, या संबोधनाचा झिजून ‘उस्तेद’ झाला, आणि कृपेविषयी बोलताना क्रियापद साहजिकच ‘ती करते’ या रूपात राहिले. समोरच्याच माणसाला ‘साहेब काय घेणार?’ किंवा ‘महाराजांनी बसावे’ असे आपण म्हणतो, त्यातली वाक्यरचना हीच आहे. हे एकदा पटले, की ‘उस्तेद’साठी ‘ले’, ‘लो’, ‘ला’, ‘सु’ ही तृतीय पुरुषाची सर्वनामे का येतात, हेही वेगळे पाठ करावे लागत नाही.

प्रदेशाप्रमाणे येथे बदल होतो. अनेकांना उद्देशून स्पेनमध्ये जवळिकीने ‘बोसोत्रोस’ म्हणतात, तर लॅटिन अमेरिकेत मित्र असोत वा मंत्री, सर्वांसाठी ‘उस्तेदेस’ हेच चालते. आर्जेन्टिना, उरुग्वे आणि मध्य अमेरिकेच्या बऱ्याच भागांत ‘तू’च्या जागी ‘बोस’ आहे, आणि त्याचे क्रियापदही वेगळे आहे: ‘तू तिएनेस’च्या जागी ‘बोस तेनेऽस’. कोलंबियातील बोगोता शहरात घरातल्या माणसांनाही ‘उस्तेद’ म्हटलेले ऐकू येते. आपण कोणत्या देशातल्या लोकांशी बोलणार हे आधी ठरवून एकच पद्धत पक्की करावी, बाकीच्या केवळ ऐकून ओळखता आल्या तरी पुरे.

आता भूतकाळ. बहुतेक विद्यार्थी अडखळतात ते येथेच, आणि मराठी माणसाने अडखळण्याचे कारण सर्वात कमी असते तेही येथेच. स्पॅनिशमध्ये दोन मुख्य भूतकाळ आहेत. एकात घटना पूर्ण झालेली, कडा असलेली एक वस्तू म्हणून दिसते: ‘कोमीऽ’, मी खाल्ले. दुसऱ्यात ती चालू असलेली किंवा नेहमी घडणारी म्हणून आतून दिसते: ‘कोमीआ’, मी खात होतो किंवा खायचो. शाळेत शिकलेले साधा भूतकाळ, अपूर्ण भूतकाळ आणि रीती भूतकाळ हे शब्द आठवावेत. स्पॅनिशचा पहिला काळ म्हणजे आपला साधा भूतकाळ. दुसऱ्या काळात आपला अपूर्ण आणि आपला रीती असे दोन्ही एकत्र आले आहेत. म्हणून मराठी वाक्यात ‘-त होतो’, ‘-यचो’ किंवा ‘-त असे’ आले, तर दुसरा काळ, आणि ‘गेला, बसला, म्हणाला’ असे आले, तर पहिला. बहुसंख्य वाक्ये एवढ्यावर सुटतात.

या काळांची नावे पुस्तकागणिक बदलतात, त्याने गोंधळून जाऊ नये. पहिल्याला कोठे ‘प्रेतेरितो इन्देफिनिदो’, कोठे ‘प्रेतेरितो पेर्फेक्तो सिम्प्ले’ तर कोठे नुसते ‘प्रेतेरितो’ म्हणतात, आणि दुसऱ्याला ‘इम्पेर्फेक्तो’. वेनेझुएलात जन्मलेला आंद्रेस बेयो याने 1847 मध्ये चिलीतून आपले व्याकरण प्रसिद्ध केले, त्यात दुसऱ्या काळाला त्याने ‘कोप्रेतेरितो’, म्हणजे ‘सहभूत’ असे नाव दिले. मेक्सिकोच्या शालेय पुस्तकांत हे नाव आजही दिसते. मला ते सर्वात अर्थवाही वाटते, कारण हा काळ दुसऱ्या एखाद्या भूतकालीन घटनेच्या सोबतीने चाललेले काही दाखवतो.

एक छोटा उतारा घेऊन पाहू. ‘तेव्हा मी पुण्यात राहत होतो. रोज सहाला उठायचो आणि टेकडीवर जायचो. एके दिवशी पाऊस पडत होता आणि मी घरीच थांबलो. दहा वाजता फोन वाजला. आई होती. तिने मला सांगितले, की आजी आली आहे.’ याचे स्पॅनिश असे: ‘एन्तोन्सेस बिबीआ एन पुणे. तोदोस लोस दीआस मे लेबान्ताबा आ लास सेइस इ सुबीआ आ ला कोलीना. उन दीआ योबीआ इ मे केदेऽ एन कासा. आ लास दिएस सोनोऽ एल तेलेफोनो. एरा मि माद्रे. मे दीखो के आबीआ येगादो मि आबुएला.’ राहणे, उठणे, टेकडी चढणे आणि पावसाचे पडणे ही पार्श्वभूमी आहे, म्हणून ती ‘बिबीआ, लेबान्ताबा, सुबीआ, योबीआ’ या रूपांत आली. थांबणे, फोन वाजणे आणि सांगणे यांनी कथा पुढे सरकते, म्हणून ‘केदेऽ, सोनोऽ, दीखो’. शेवटच्या वाक्यात मराठी ‘आली आहे’ म्हणते, कारण आपण आईचे शब्द जसेच्या तसे ठेवतो. स्पॅनिश मात्र सांगण्याच्याही आधीची घटना म्हणून ‘आबीआ येगादो’, म्हणजे ‘आलेली होती’, असे एक पाऊल मागे जाते. कळवण्याच्या क्रियापदांनंतर हा बदल मराठी माणसाकडून हटकून राहून जातो.

‘एरा’ या शब्दापाशी थोडे थांबायला हवे, कारण ‘होता, होती, होते’ या मराठी रूपांत काळाचा हा भेद दिसतच नाही. अशा वेळी मी ‘झाला’ची कसोटी लावतो. ‘घर मोठे होते’ येथे ‘झाले’ म्हणता येत नाही, म्हणून ‘ला कासा एरा ग्रान्दे’. ‘कार्यक्रम छान होता’ हे मात्र ‘कार्यक्रम छान झाला’ असेही म्हणता येते, म्हणजे कार्यक्रम संपून त्याविषयी मत दिले जात आहे, आणि तेथे ‘फुए’ येते.

काही क्रियापदांत तर काळ बदलला की मराठीत शब्दच वेगळा घ्यावा लागतो. ‘साबीआ’ म्हणजे ‘मला माहीत होते’, आणि ‘सूपे’ म्हणजे ‘मला कळले’. ‘कोनोसीआ’ म्हणजे ‘मी ओळखत होतो’, आणि ‘कोनोसीऽ’ म्हणजे ‘माझी ओळख झाली’. ‘नो केरीआ’ म्हणजे ‘माझी इच्छा नव्हती’, तर ‘नो कीसे’ म्हणजे ‘मी नकार दिला’. माहीत असणे ही स्थिती आहे आणि कळणे हा क्षण आहे. हा भेद मराठी माणसाच्या जिभेवर आधीच आहे, फक्त तो स्पॅनिश प्रत्ययाशी जोडायचा आहे.

आता मराठीने दिलेले चकवे. पहिला आरंभीच्याच वाक्यात आहे. ‘मी काल बाजारात गेलो होतो’ हा आपला पूर्ण भूतकाळ, पण बोलताना आपण तो साध्या भूतकाळासारखाच वापरतो. स्पॅनिशमध्ये ‘आबीआ इदो’ म्हटले, की ऐकणारा पुढच्या घटनेची वाट पाहतो: गेला होतास, मग त्यानंतर काय झाले? म्हणून येथे ‘आयेर फुई आल मेर्कादो’ हेच योग्य. दुसरा चकवा मोजलेल्या अवधीचा. ‘मी पाच वर्षे तेथे राहत होतो’ हे मराठीत चालते, पण अवधी मोजला की स्पॅनिशमध्ये घटनेला कडा येतात, म्हणून ‘बिबीऽ आयी सिन्को आन्योस’. काळ किती लांब होता याचा येथे संबंध नाही, शंभर वर्षे मोजली तरी साधा भूतकाळच येईल.

तिसरा चकवा सर्वात खोल आहे, कारण तो आपल्या भाषेच्या स्वभावातून येतो. ‘मी आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, आंबे खाल्ले’ असे भूतकाळात आपले क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. स्पॅनिशमध्ये क्रियापद कर्त्याशीच बांधलेले असते, आणि खाल्लेली वस्तू काहीही असो, ‘कोमीऽ’ हे ‘कोमीऽ’च राहते. ‘खाल्ले आहे’ या अर्थाच्या ‘ए कोमीदो’मधले ‘कोमीदो’ही ‘पोळी’ पाहून ‘कोमीदा’ करायचे नाही. हा ‘आहे’वाला काळ स्पेनमध्ये आज घडलेल्या गोष्टींसाठी सर्रास वापरतात, तर लॅटिन अमेरिकेच्या बहुतेक भागांत ‘आज’बरोबरही साधा भूतकाळच ऐकू येतो.

क्रियापद वस्तूशी जुळवण्याची हीच मराठी सवय ‘गुस्तार’ या क्रियापदापाशी मात्र वरदान ठरते. ‘मला आंबा आवडतो’ आणि ‘मला आंबे आवडतात’ यांची स्पॅनिश रूपे ‘मे गुस्ता एल मान्गो’ आणि ‘मे गुस्तान लोस मान्गोस’ अशी आहेत: मला तेथे ‘मे’, आंबा कर्ता, आणि क्रियापद आंब्याच्या वचनाप्रमाणे. ‘माझे डोके दुखते’ साठी ‘मे दुएले ला काबेसा’, म्हणजे शब्दशः ‘मला डोके दुखते’. म्हणून ‘आवडला’ आणि ‘खाल्ला’ ही दोन क्रियापदे मुद्दाम जोडीने घोटावीत: ‘मे गुस्तारोन लोस मान्गोस’ यात क्रियापद आंब्यांमागे जाते, ‘कोमीऽ लोस मान्गोस’ यात जात नाही. आणि प्रत्येक ‘मला’ हा ‘मे’ नसतो, हेही ध्यानात ठेवावे. ‘मला भूक लागली आहे’, ‘मला ताप आहे’, ‘मला दोन भाऊ आहेत’ आणि ‘मला जायला हवे’ या चारही ठिकाणी स्पॅनिश ‘तेन्गो’, म्हणजे ‘माझ्याजवळ आहे’, हे क्रियापद वापरते.

कर्माच्या सर्वनामांत खरी अडचण ‘लो’ आणि ‘ले’ यांची आहे. ‘त्याला पाहिले’ आणि ‘त्याला दिले’ यांत मराठी ‘त्याला’ एकच, पण स्पॅनिशमध्ये ‘लो बी’ आणि ‘ले दी’. यासाठी मराठीतच एक कसोटी दडलेली आहे. माणसाच्या जागी निर्जीव वस्तू ठेवून पाहावी. ‘भावाला पाहिले’ याचे ‘पुस्तक पाहिले’ होते, ‘ला’ गळतो, म्हणून ‘लो’ किंवा ‘ला’. ‘भावाला देणगी दिली’ याचे ‘शाळेला देणगी दिली’ होते, ‘ला’ टिकतो, म्हणून ‘ले’. हीच कसोटी स्पॅनिशच्या ‘आ’ या शब्दयोगालाही उजेड देते: ‘बी आ तु एर्मानो’ म्हणजे ‘तुझ्या भावाला पाहिले’, पण ‘बी ला पेलीकुला’ म्हणजे ‘सिनेमा पाहिला’. माणसाला ‘आ’, वस्तूला काही नाही, नेमके आपल्यासारखे. स्पेनमध्ये एका पुरुषाविषयी ‘ले बी’ असेही म्हणतात आणि तेथील भाषा अकादमी ते मान्य करते, पण शिकणाऱ्याने ‘लो’वरच राहावे.

वस्तूंनाही लिंग असते हे आपल्याला समजवावे लागत नाही. खुर्ची ‘ती’, म्हणून ‘ला’, हा विचार इंग्रजी माणसाला कृत्रिम वाटतो, आपल्याला नाही. अर्थात प्रत्येक नामाचे लिंग स्पॅनिशप्रमाणे नव्याने लक्षात ठेवायला लागते. आपले नपुंसकलिंग तेथे नामांत नाही, पण ‘ते मला माहीत आहे’ यातले संपूर्ण विधानासाठी येणारे ‘ते’ मात्र आहे: ‘लो से’. ‘हे काय आहे?’ मधले ‘हे’ म्हणजे ‘एस्तो’.

दोन सर्वनामे एकत्र आली, की आधी माणूस आणि मग वस्तू. ‘मला ते दिले’, ‘मे लो दिओऽ’. क्रमही तोच आणि क्रियापद शेवटी हेही तेच. दोन्ही तृतीय पुरुषी असतील, तर ‘ले लो’ असे कधीच म्हणत नाहीत, ‘ले’चा ‘से’ होतो: ‘से लो दिओऽ’, त्याला ते दिले. होकारार्थी आज्ञेत ती क्रियापदाच्या मागे चिकटतात, ‘दामेलो’, आणि नकारात पुन्हा पुढे येतात, ‘नो मे लो देस’. आणखी एक गोष्ट मराठी कानाला जादा वाटेल, पण ती सोडू नये: ‘ले दी एल लिब्रो आ रामोन’ यात रामोनचे नाव असूनही ‘ले’ राहतो.

‘से’ या सर्वनामाला पुस्तके आत्मवाचक म्हणतात आणि ‘स्वतःला धुणे’ अशी उदाहरणे देतात. त्याने विषय निम्माच कळतो. आपल्या ‘उठवणे’ आणि ‘उठणे’ या जोडीतून तो अधिक नीट कळतो. ‘लेबान्तार’ उठवणे, ‘लेबान्तार्से’ उठणे. ‘सेन्तार’ बसवणे, ‘सेन्तार्से’ बसणे. ‘रोम्पेर’ तोडणे, ‘रोम्पेर्से’ तुटणे. ‘केमार’ जाळणे, ‘केमार्से’ जळणे. मराठी जो फरक धातूच्या पोटात करते, तो स्पॅनिश ‘से’ लावून करते. म्हणूनच ‘मी उठलो’ याचे ‘मे लेबान्तेऽ’ होते. ‘मे’ गाळून नुसते ‘लेबान्तेऽ’ म्हटले, तर काय उठवले किंवा उचलले, असा प्रश्न उरतो.

यापुढची पायरी मला या भाषेत सर्वात सुंदर वाटते. हातातून ग्लास पडला, तर आपण ‘मी ग्लास पाडला’ असे म्हणत नाही, ‘माझ्या हातून ग्लास पडला’ म्हणतो. स्पॅनिश म्हणते ‘से मे कायोऽ एल बासो’. ग्लास दोन असतील, तर ‘से मे कायेरोन लोस बासोस’, क्रियापद पुन्हा वस्तूमागे जाते. ‘मला उशीर झाला’ म्हणजे ‘से मे ईसो तार्दे’. अनवधानाने घडलेल्या गोष्टीत माणसाला कर्त्याच्या जागेवरून हलवून बाजूला ठेवण्याची ही रीत दोन्ही भाषांत आहे, आणि ती वापरणारा विद्यार्थी लगेच ओळखू येतो.

भविष्यकाळाला फार वेळ देण्याचे कारण नाही. ‘बोय आ कोमेर’ म्हणजे ‘जेवणार आहे’, आणि रोजच्या बोलण्यात ते पुरते. ‘आब्लारेऽ’ हे प्रत्ययवाले रूप अंदाजासाठीही येते, आपल्यासारखेच: ‘एस्ताराऽ एन कासा’, घरी असेल.

ज्याला सारे घाबरतात, त्या ‘सुब्खुन्तिबो’चे, म्हणजे इच्छा किंवा शंका दाखवणाऱ्या क्रियापदरूपाचे, मोठे क्षेत्र आपल्या विध्यर्थाने व्यापलेले आहे. ‘मला यायचे आहे’ म्हणजे ‘किएरो बेनीर’, पण ‘तू यावेस असे मला वाटते’ म्हणजे ‘किएरो के बेन्गास’. इच्छा एकाची आणि कृती दुसऱ्याची झाली, की मराठीही ‘-वे’कडे वळते आणि स्पॅनिशही रूप बदलते. इच्छा, आग्रह, सल्ला आणि गरज यांसाठी ‘-वे’ सुचले, की हे रूप घ्यावे. दोन ठिकाणी मात्र मराठी साथ सोडते. ‘तू येशील तेव्हा’ यात आपण भविष्यकाळ वापरतो, स्पॅनिशमध्ये तो चालत नाही: ‘कुआन्दो बेन्गास’. ‘तो येईल असे मला वाटत नाही’ यातही ‘नो क्रेओ के बेन्गा’. अटीच्या वाक्यात तर आपण चक्क भूतकाळ घालतो, ‘पाऊस आला तर मी येणार नाही’, तेथे स्पॅनिशला साधा वर्तमान लागतो: ‘सि युएबे, नो बोय आ इर’. आणि ‘पैसे असते तर गेलो असतो’ यासाठी ‘सि तुबिएरा दिनेरो, इरीआ’. त्यातले ‘तुबिएरा’ हे रूप साध्या भूतकाळाच्या ‘तुबिएरोन’मधून निघते, म्हणून साधा भूतकाळ पक्का झाल्याशिवाय या वाक्याला हात घालू नये.

क्रमाविषयी माझे मत असे, की वर्तमानानंतर आधी इम्पेर्फेक्तो शिकावा, कारण त्यात अनियमित क्रियापदे तीनच आहेत: ‘एरा’, ‘ईबा’ आणि ‘बेईआ’. त्यानंतर साध्या भूतकाळातील ‘फुई, तूबे, एस्तूबे, ईसे, दीखे, पूसे, पूदे, कीसे, सूपे, बीने’ ही रूपे पाठच करावीत. असणे आणि जाणे या दोन्हींचा साधा भूतकाळ ‘फुई’ असा एकच आहे, अर्थ संदर्भावरून कळतो. सरावासाठी आदल्या दिवसाच्या दहा घटना मराठीत लिहाव्यात, प्रत्येक क्रियापदाखाली घडले, चालू होते किंवा नेहमी घडायचे अशी खूण करावी, ‘गेलो होतो’ असेल तेथे ‘गेलो’ करून पाहावे, कर्माप्रमाणे बदललेल्या क्रियापदांभोवती वर्तुळ करावे, आणि मगच स्पॅनिश लिहायला घ्यावे. ‘होता’ असलेली वाक्ये शेवटी ठेवावीत, आणि ‘झाला’ची कसोटी लावूनही ती सुटली नाहीत, तर ती त्या भाषेच्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवावीत.